हात चांगला आहे, पण चौथ्या रात्री कोण बघणार?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. फेब्रुवारीत त्यांच्या मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग काढून आतडं जोडलं. सर्जन नावाजलेले, तीस वर्षांचा अनुभव. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या संध्याकाळी बाबा तळमळायला लागले, नाडी ११०च्या वर, पोट फुगलेलं. रात्रीच्या डॉक्टरांनी ‘गॅस आहे, ऑपरेशननंतर होतंच’ म्हणून इंजेक्शन दिलं. वॉर्डातल्या वयस्क सिस्टर मात्र दोनदा म्हणाल्या, ‘मला लक्षण बरं दिसत नाही.’ त्यांनी सरांना फोनही लावला. सरांनी फोनवरच औषध सांगितलं. चौथ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून हृदयरोगतज्ज्ञ येऊन गेले. पाचव्या दिवशी सीटी स्कॅन केला तेव्हा जोड सुटल्याचं कळलं. पुन्हा ऑपरेशन, शौचासाठी पोटावर पिशवी, मग आयसीयू. बाबा वाचले.

आता पिशवी काढून आतडं पुन्हा जोडायचं आहे. त्याच सर्जननी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला गुरुवार दिला आहे. भाऊ म्हणतो, शहरातल्या एका तरुण सर्जनकडे जाऊ. बाबा म्हणतात, ‘त्यांचा हात चांगला आहे, मी दुसरीकडे जाणार नाही.’ मागच्या वेळी उशीर का झाला? रात्रीचे डॉक्टर नवखे होते म्हणून, की अनुभवी माणसाचंही चुकतं? या वेळी आम्ही काय बघायचं आणि काय विचारायचं?

— एक लेक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, तुमच्या घरात वाद चाललाय तो सर्जन कोण असावा यावर. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती त्या सिस्टर वाटल्या. त्यांना जे दिसलं ते खरं होतं, वेळेत दिसलं होतं, आणि तरी त्यानंतर दीड-दोन दिवस गेले. ते दिवस कुठे गेले हे समजलं की सर्जन निवडणं बरंच सोपं होईल.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. जोड सुटला म्हणजे सर्जनचा हात वाईट, असा अर्थ काढू नका. आतड्याची दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडली की पहिले काही दिवस सगळा भार त्या टाक्यांवर असतो. शरीर जुनं कोलॅजन, म्हणजे आतड्याला मजबुती देणारे धागे, मोडत असतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास जोड सर्वांत कच्चा असतो. रक्तपुरवठा कमी पडला, पेशंट अशक्त असला, सिगारेट-तंबाखू असली, मधुमेह असला की धोका वाढतो. यातलं काही नसतानाही जोड सुटतो. २०१५ साली युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या ऑपरेशनांची पाहणी केली, त्यात शंभरात आठ जणांचा जोड सुटला होता. गुदद्वाराच्या जवळचा, खोल ओटीपोटातला जोड असेल तर प्रमाण आणखी वाढतं. उत्तम हातांच्याही वाट्याला हे येतं. फरक पडतो तो सुटल्यानंतर किती तासांत लक्षात येतं यावर.

आता तुमचा पहिला प्रश्न. रात्रीचे डॉक्टर नवखे होते म्हणून उशीर झाला का?

काही अंशी हो. पण त्यांना मूर्ख ठरवण्याआधी त्यांच्या जागी उभं राहून बघा. तिसऱ्या रात्री त्यांच्यासमोर काय होतं? नाडी जलद, तर ती दुखण्यानेही होते. पोट फुगलेलं, तर ऑपरेशननंतर मोठं आतडं हलायला लागायला तीन दिवस लागतातच. पेशंट अस्वस्थ, तर वयस्क माणूस अनोळखी जागी, झोप नाही, नाकात नळी, अस्वस्थ होणारच. ताप नाही किंवा थोडासा. प्रत्येक लक्षणाला एक साधं, निरुपद्रवी कारण हाताशी असतं आणि बहुतेक वेळा ते कारण बरोबरही असतं. दहा पेशंटांचं पोट फुगलं तर त्यातल्या आठ-नऊ जणांना खरोखरच गॅस असतो. नवखा डॉक्टर लक्षणं सुटी सुटी बघतो आणि सुट्या सुट्या लक्षणांची समजूत काढता येते.

अनुभवी नजर दुसरं काहीतरी बघते. काल हा माणूस खुर्चीत बसून चहा मागत होता आणि आज भिंतीकडे तोंड करून पडलाय, ही गोष्ट कुठल्याही चार्टवर लिहिलेली नसते. बरा होत चाललेला पेशंट रोज थोडा पुढे सरकतो: नळी निघते, सलाइन कमी होतं, वारा सरतो, तो स्वतःहून कूस बदलतो. ज्याची ही चाल अडते किंवा उलटी फिरते, त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय असं धरून चालायचं. शिवाय अनुभवी माणूस श्वास मोजतो. नाडी सगळे बघतात, श्वासाकडे फार कमी जण लक्ष देतात. आमच्या सरकारी रुग्णालयात तर चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास एकजात १८ लिहिलेला असायचा, मोजलेला कुणाचाच नसायचा. रक्तात विष पसरायला लागलं की शरीर आधी श्वास वाढवतं. रक्तदाब पुष्कळ नंतर पडतो आणि तो पडेपर्यंत थांबलेला पेशंट सहसा आयसीयूतच जातो.

हृदयरोगतज्ज्ञांचा प्रसंग तर पुस्तकी म्हणावा असा आहे. पोटातल्या संसर्गामुळे हृदयाचे ठोके अनियमित होतात, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसात. मग ईसीजी, टूडी-एको, हृदयाची औषधं, अशी सगळी गाडी छातीकडे वळते आणि पोट मागे राहतं. जोड सुटल्याची पहिली खूण बऱ्याचदा हृदयाच्या तक्रारीचं सोंग घेऊन येते, हे ब्रिटनमधल्या सर्जननी २००४ मध्येच लिहून ठेवलंय. आतड्याच्या जोडानंतर आठवड्याभरात नव्याने ठोके बिघडले तर आधी पोटावर संशय घ्यायचा, ही गोष्ट जुने सर्जन शिकाऊ डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडून सांगतात. ती ऐकायला मिळाली असेल तर लक्षात राहते. नसेल मिळाली तर डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञाला बोलावतो आणि आपण तत्परता दाखवली असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं.

इथे थोडा हिशोब करा. एखाद्या रुग्णालयात वर्षाला आतड्याचे वीस जोड होतात आणि शंभरात पाच सुटतात असं धरू. म्हणजे वर्षात एक. रात्रपाळीचे डॉक्टर सहा महिने, वर्षभर राहून पुढे निघून जातात. आपल्याकडच्या पुष्कळ खासगी रुग्णालयांत रात्रीचे आरएमओ, म्हणजे रुग्णालयात हजर असणारे ड्यूटी डॉक्टर, बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले असतात. मेहनती असतात, पण सर्जरीच्या वॉर्डात त्यांचं शिक्षण झालेलं नसतं. अशा डॉक्टराने आयुष्यात एकही सुटलेला जोड सुरुवातीच्या अवस्थेत पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. सिस्टरनी वीस-पंचवीस वर्षांत पाहिलेले असतात. घाटात एसटी चालवणाऱ्याला ब्रेकचा आवाज बदललेला कळतो, नेमकं काय बिघडलंय ते सांगता आलं नाही तरी; तसं त्यांचं होतं. ‘लक्षण बरं दिसत नाही’ यापेक्षा नेमकं त्यांना सांगता येत नाही आणि तिथेच त्यांचं म्हणणं हवेत विरतं. नेदरलँड्समध्ये परिचारिकांच्या या ‘काहीतरी बिनसलंय’ वाटण्याचा नीट अभ्यास झालाय. पुष्कळदा आकडे बिघडण्याच्या आधीच त्यांना ते जाणवतं, असं त्यातून दिसलं.

म्हणजे अनुभव हवाच. मग तीस वर्षांचा अनुभव असलेल्या सर्जनना ते का दिसलं नाही?

याचं एक सरळ उत्तर आहे: ते तिथे नव्हते. अनुभव पेशंटच्या खाटेजवळ असेल तरच कामाचा. फोनवर त्यांना ऐकू आलं असेल ते ‘पोट फुगलंय, नाडी एकशेदहा, ताप नाही’ एवढंच. म्हणजे रात्रीच्या डॉक्टरला जे सुटं सुटं दिसलं, तेच सुटं सुटं त्यांच्या कानावर गेलं. चालत जाऊन पोटावर हात ठेवला असता तर कदाचित मिनिटभरात ओळखलं असतं.

पण दुसरं उत्तरही आहे आणि ते सर्जन मंडळींना ऐकायला आवडत नाही. स्वतः घातलेल्या जोडाबद्दल माणसाला माया असते. ऑपरेशन मनासारखं झालं, टोकं गुलाबी होती, ताण नव्हता, हवा भरून तपासलं तेव्हा बुडबुडे आले नाहीत. मग चौथ्या दिवशी कुणी म्हणालं ‘लीक असेल का’, तर मन आधी दुसरी कारणं शोधतं. नेदरलँड्समधल्या २००९ सालच्या एका अभ्यासात १९१ पेशंटांच्या बाबतीत ऑपरेशन संपल्या संपल्या सर्जनना विचारलं, हा जोड सुटेल असं तुम्हाला किती वाटतं? त्यांचे अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरले. जोड घालणाऱ्याला आपल्या जोडाचं भविष्य दिसत नाही. त्यामुळे ‘मीच केलंय, चांगलं झालंय’ हे वाक्य निदान म्हणून धरायचं नाही.

वर्षांबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षं आणि कामाचा दर्जा यांवरचे ६२ अभ्यास एकत्र तपासले. निम्म्याहून जास्त अभ्यासांत वर्षं वाढतील तसा दर्जा घसरलेला दिसला. हे मुख्यतः ज्ञान अद्ययावत ठेवणं, ठरलेल्या पद्धती पाळणं याबद्दल होतं; हात किती सफाईदार आहे याबद्दल नव्हतं. तरी इशारा खरा आहे. तीस वर्षांचा अनुभव म्हणजे तीस वर्षांची शिकवण असेलच असं नाही. चूक झाली की ती परत येऊन समोर उभी राहिली तरच माणूस शिकतो. आपल्याकडे पेशंट पाचव्या दिवशी घरी जातो, दहाव्या दिवशी त्रास झाला की नातेवाईक रागाने त्याला दुसऱ्याच रुग्णालयात नेतात, आणि पहिल्या सर्जनना शेवटपर्यंत वाटत राहतं की ती केस उत्तम झाली. तुम्ही परत त्यांच्याकडेच गेलात, म्हणजे या केसमधून शिकण्याची संधी तरी त्यांना मिळाली. ती त्यांनी घेतली की नाही, हे शोधून काढायचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आता त्या फोनबद्दल. माझ्या मते तुमचे दिवस बहुतांशी त्या फोनमध्ये गेले. रात्री दोन वाजता सरांना उठवायचं म्हणजे आरएमओच्या पोटात गोळा येतो. ‘काय सांगू? ताप नाही, बीपी चांगलं आहे. सर म्हणतील एवढ्यासाठी उठवलंस?’ ज्यांना एकदा असं ऐकावं लागलंय ते दुसऱ्यांदा सकाळची वाट बघतात. सिस्टरला तर डॉक्टरच्या डोक्यावरून फोन करायचा म्हणजे नोकरीवरच येण्याची भीती. त्यांनी तरी केला. त्यांना भेटून आभार माना. माझ्या पाहण्यात असे सर्जन आहेत की ज्यांचे शिकाऊ डॉक्टर मध्यरात्री बेधडक फोन करतात, कारण उगाच उठवलं म्हणून कधी कुणाला बोलणं बसलेलं नाही. आणि असेही आहेत, हात सोन्याचा पण ज्यांच्या दारात उभं राहायला लोक घाबरतात. दुसऱ्या प्रकारच्या सर्जनच्या अनुभवाचा पेशंटला रात्री आठ ते सकाळी आठ काडीचाही उपयोग नसतो.

अमेरिकेत २००९ साली ८४,७३० पेशंटांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. ज्या रुग्णालयांत मृत्यू सर्वांत कमी आणि ज्यांत सर्वांत जास्त, त्यांची तुलना केली. गुंतागुंत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती, शंभरात साधारण पंचवीस. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर चांगल्या रुग्णालयांत १२.५ टक्के पेशंट दगावले आणि वाईट रुग्णालयांत २१.४ टक्के. सगळा फरक गुंतागुंत झाल्यानंतरच्या ओळखण्या-सावरण्यात होता. नेदरलँड्समध्येच आतड्याच्या पेशंटांसाठी एक साधी पद्धत बसवली: रोज ठरलेल्या गोष्टी तपासायच्या, त्यांना गुण द्यायचे, गुण ठरावीक मर्यादेपुढे गेले की कुणाला काय वाटतं याची वाट न बघता सीटी किंवा थेट ऑपरेशन. निदानाला लागणारा उशीर चार दिवसांवरून दीड दिवसावर आला आणि जोड सुटलेल्यांमधले मृत्यू ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर. कागदावरची यादी नवख्या डॉक्टरला थोडासा अनुभव उसना देते आणि जुन्या डॉक्टरला त्याच्या मायेपासून वाचवते. माझा स्वतःचा भर या दुसऱ्या भागावर जास्त आहे.

तर या वेळी काय बघायचं.

सगळ्यात आधी बाबांच्या औषधांची चिठ्ठी काढा. मागच्या वेळी ठोके बिघडले म्हणून त्यांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू आहे का? असेल तर या औषधाने नाडी दाबून ठेवली जाते. पोटात बिघडलं तरी नाडी कदाचित ९०च्या पुढे जाणार नाही आणि रात्रीचे डॉक्टर निर्धास्त राहतील. ही गोळी चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना, सर्जनना आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरना सांगा. पाठीत एपिड्युरलची नळी घातली असेल तर दुखणंही झाकलं जातं. स्टेरॉइड चालू असतील तर ताप आणि पोटाचा कडकपणा दोन्ही फसवतात. आणि वयस्क माणसाला ताप येतोच असं नाही, त्यामुळे ‘ताप नाही ना, मग काळजी नको’ हे कुणाच्याही तोंडून ऐकून समाधान मानू नका.

श्वास तुम्ही स्वतः मोजा. बाबांना न सांगता, छाती किंवा पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट. विसाच्या पुढे असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा आणि तरी जास्तच भरला तर आकडा सांगा. तिसऱ्या दिवसापासून नाडी सतत शंभराच्या वर, एकदा सरलेला वारा बंद होऊन पोट पुन्हा फुगणं, जखमेपासून दूर दुखणं किंवा खांद्यात दुखणं, लघवी कमी होणं, उगाचच गोंधळून बोलणं, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका. ड्रेनच्या, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून स्वच्छ पाणी येतंय म्हणून आत सगळं ठीक आहे असंही नाही. नळी एका कोपऱ्यात असते, गळती दुसऱ्या. ‘आज कालच्यापेक्षा मागे गेलेत’ हे तुम्ही जितकं खात्रीने सांगू शकाल तितकं नवीन पाळीवर आलेला डॉक्टर सांगू शकणार नाही, त्याने काल बाबांना पाहिलेलंच नसतं. म्हणून शक्यतो खाटेजवळ एकच माणूस सलग ठेवा. आळीपाळीने दहा नातेवाईक आले तर चाल कुणाच्याच लक्षात येत नाही.

रक्ताच्या तपासणीत सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग असला की वाढणारा घटक) रोज किंवा निदान तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी होणार आहे का, ते विचारा. ऑपरेशननंतर तो सगळ्यांचाच वाढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि मग उतरायला हवा. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये ठरवलेल्या मर्यादा तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा आहेत. त्याखाली असेल तर गळती नसण्याची शक्यता फार मोठी. त्यावर असेल तर गळती आहेच असं सिद्ध होत नाही, फक्त शोधायला हवं. दोन दिवसांत आकडा ५०हून जास्त चढला तर तोही धोक्याचा इशारा. एक खबरदारी घ्या: आपल्याकडच्या काही लॅब डेसिलिटरमध्ये आकडा देतात, तिथे १५ म्हणजे १५० समजायचे. अनेक नातेवाईक, आणि घाईत काही डॉक्टरही, इथे फसतात.

सीटी स्कॅनबद्दल एवढंच की तोही चुकतो. सुरुवातीची गळती त्यात दिसत नाही असं घडतं आणि मग ‘सीटी नॉर्मल आहे’ या समाधानात उलट आणखी वेळ जातो. सीटी नॉर्मल आला पण पेशंट बिघडतच चाललाय, अशा वेळी सर्जननी खाटेजवळ येऊन बघायलाच हवं.

आणि लवकर डिस्चार्ज मिळाला म्हणून सुटलो असं मानू नका. अमेरिकेतल्या २००७च्या एका पाहणीत जोड सुटल्याचं निदान सरासरी बाराव्या दिवसानंतर झालं होतं, काहींचं तर महिन्याभरानंतर. तुमचं गाव रुग्णालयापासून किती लांब आहे ते लिहिलेलं नाही. तासाभराहून जास्त असेल तर दहा-बारा दिवस शहरात एखाद्या नातेवाइकाकडे राहणं मी पसंत करेन.

आता काय विचारायचं. सर्जनना एकट्याला गाठा, ओपीडीच्या गर्दीत नको. पहिला प्रश्न: ‘सर, मागच्या वेळी उशीर कुठे झाला असं तुम्हाला वाटतं? या वेळी काय वेगळं करणार?’ शांतपणे विचारा, आरोपाचा सूर नको. दुसरा: ‘तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज रात्री बाबांना कोण बघणार आणि त्यांनी तुम्हाला कधी उठवायचं हे लिहून ठेवलेलं असेल का?’ तिसरा: ‘आम्हाला स्वतःला काळजी वाटली तर रात्री थेट कुणाला फोन करायचा?’ हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात २००० साली लुईस ब्लॅकमन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा छातीच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाला. वेदनाशामक औषध चालू असताना अल्सर फुटला होता आणि वीकेंडच्या शिकाऊ डॉक्टरांनी ते दुखणं गॅस आणि बद्धकोष्ठतेवर ढकललं. त्याच्या आईने पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये तिथे कायदा झाला: शिकाऊ डॉक्टरच्या बिल्ल्यावर तो शिकाऊ आहे हे लिहिलेलं हवं, आणि घरच्यांनी मागणी केली तर वरिष्ठ डॉक्टरशी संपर्क करून द्यायलाच हवा. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीच्या २०२१ मधल्या मृत्यूनंतर, २०२४ पासून ‘मार्थाज् रूल’ सुरू झाला. त्यात कुटुंबाला स्वतः फोन करून दुसऱ्या, अनुभवी पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते. दोन्हीकडे आयांना जे दिसत होतं ते ऐकणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे भिंतीवर असा नंबर लावलेला नसतो, म्हणून तो आधीच मागून घ्यायचा.

मागचे केस पेपर मिळाले नसतील तर लेखी अर्ज करून घ्या. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. भांडायला म्हणून नव्हे. जो कुणी आता आत जाणार आहे त्याला आधी कुठे काय चिकटलं असेल, किती आतडं शिल्लक आहे, पिशवी लहान आतड्याची आहे की मोठ्या, हे त्यातूनच कळेल. मोठ्या आतड्याची असेल तर हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा सोपं समजू नका, बऱ्याचदा ते जास्त अवघड असतं. हलगर्जी झाली होती का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते आहे. नोंदी न बघता मी त्यावर मत देणार नाही. फोन किती वाजता झाला, त्यात काय सांगितलं गेलं, पुढे कुणी कधी बघितलं, हे कागद सांगतील.

सर्जन कोण, यावर माझं मत असं. तुमच्या पहिल्या प्रश्नाला जुन्या सर्जननी सरळ उत्तर दिलं, ‘मी त्या रात्री यायला हवं होतं’ असं किंवा निदान ‘आता आमच्याकडे असं असं करतो’ असं म्हणाले, तर मी बाबांच्या बाजूची. आतलं पोट त्यांनी दोनदा पाहिलंय आणि या एका पेशंटच्या बाबतीत त्यांच्याइतकं सावध दुसरं कुणी असणार नाही. पण ते चिडले, ‘तुम्ही मला शिकवणार का’ म्हणाले, तर भावाचं ऐका. मात्र तरुण सर्जनलाही हेच तीन प्रश्न विचारा. परदेशातलं प्रशिक्षण, दुर्बीण, रोबो यांनी चौथी रात्र आपोआप सांभाळली जात नाही. बाबा ऐकत नसतील तर त्यांना त्या सिस्टरशी बोलायला सांगा. म्हातारी माणसं डॉक्टरच्या मुलाखतीपेक्षा सिस्टरच्या एका वाक्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि ते काही चूक नाही.

राहिला गुरुवार. तो मात्र बदलून घ्या. गुरुवारी ऑपरेशन म्हणजे तिसरा दिवस रविवारी आणि पुढचे दिवस दिवाळीच्या तोंडावर, अर्धा स्टाफ गावी गेलेला, सर्जन सहलीला, रेडिऑलॉजिस्ट फोनवर. पिशवी काढायला घाई नसते. सहा आठवडे पुढे गेलं तरी काही बिघडत नाही. दिवाळी झाल्यावर एखादा सोमवार मागा आणि त्या आठवड्यात सर्जन स्वतः गावात आहेत ना, एवढं विचारूनच तारीख पक्की करा.